जुने फोटो घरीच स्कॅन करायचे की स्टुडिओत द्यायचे? पाऊस लागायच्या आधी हे काम उरकून घ्या

कोल्हापूर : पूर येतो म्हटलं की घरातलं काय काय उचलायचं हे आता नदीकाठच्या माणसाला पाठ झालंय. आधी जनावरं, मग म्हातारी माणसं आणि पोरं, मग सातबारा, बँकेची पुस्तकं, दागिने, धान्याची पोती. फोटो कुणाच्या यादीत नसतात. सोप्यातल्या भिंतीवर आजोबांची तसबीर तशीच राहते, लग्नाचा अल्बम फडताळात राहतो आणि बाकीचे फोटो ट्रंकेत, नाहीतर कॅरीबॅगेत माळ्यावर.

२००५, २०१९ आणि २०२१. तीन मोठे पूर या जिल्ह्यानं बघितले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्या वर गेलं. करवीर तालुक्यात चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर अशा कितीतरी गावांत घरांमध्ये पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर भांडी घासून घेता आली, कपडे धुता आले, भिंतीला नवा रंग देता आला. चिखलात चिकटलेला अल्बम मात्र पुन्हा विकत मिळत नाही.

पूर नसलेल्या भागातही फोटो सुखरूप आहेत असं नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडं चार महिने भिंती ओल्या असतात. फोटोवर बुरशी धरते, अल्बमच्या प्लॅस्टिकला फोटो चिकटतो, वाळवी तर सगळीकडंच आहे. १९७०-८० च्या काळातले रंगीत फोटो नुसते ठेवूनसुद्धा लालसर-पिवळे पडत चाललेत.

त्यामुळं आता बरीच मंडळी विचारतात, की हे सगळे फोटो मोबाईलवर घेऊन ठेवले तर चालतील का, की फोटोग्राफरकडं देऊन नीट स्कॅन करून घ्यावेत?

थोडक्यात उत्तर असं, की सगळे फोटो स्टुडिओत द्यायची गरज नाही आणि सगळे घरी करणंही बरोबर नाही. प्रत्येक फोटो हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा. या फोटोला माझ्या हातानं काही झालं, तर ते मला भरून काढता येईल का? उत्तर ‘हो’ असेल तर घरी करा. ‘नाही’ असेल तर जाणकाराकडं द्या. बाकीचा लेख म्हणजे या एका प्रश्नाचा उलगडा आहे.

एक प्रत असली की काय होतं

कोल्हापूरला हा धडा नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वतः कॅमेरा तयार केला. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट, त्यात तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. आज हा मूकपट बघायचा म्हटलं तर बघायला मिळत नाही. त्या काळातले बहुतेक मूकपट असेच गेले. प्रती थोड्या होत्या, नीट जपल्या गेल्या नाहीत आणि एकदा गेल्या त्या गेल्याच.

एवढ्या मोठ्या कामाचं हे झालं, तर आपल्या माळ्यावरच्या पिशवीचं काय? पणजीचा एकच फोटो असेल आणि तो भिंतीवर असेल, तर तिचा चेहरा त्या एका खिळ्यावर टांगलेला आहे.

आधी तीन ढीग करा

स्कॅनर, मोबाईल, स्टुडिओ हे सगळं नंतर. आधी घरातले सगळे फोटो एका ठिकाणी आणा. भिंतीवरचे, अल्बममधले, जुन्या डायरीत ठेवलेले, देवघरामागं खोचलेले, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातले. हात धुऊन कोरडे करा, सतरंजीवर पांढरं सुती कापड अंथरा आणि तीन ढीग लावा.

पहिला ढीग : चांगल्या स्थितीतले, सुटे, सपाट फोटो. लग्न-बारशाचे, सहलीचे, शाळेचे. यातल्या बऱ्याच फोटोंची दुसरी प्रत पाहुण्यांकडंही असते. हा ढीग सगळ्यात मोठा निघतो आणि हा घरी करायचा.

दुसरा ढीग : एकुलता एक असलेला किंवा बिघडलेला फोटो. काचेला चिकटलेला, फाटलेला, बुरशी आलेला, गुंडाळी झालेला, हातानं रंग भरलेला जुना फोटो. हा जाणकाराकडं द्यायचा.

तिसरा ढीग : निगेटिव्ह. रोलचा जमाना होता तेव्हा फोटोबरोबर पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या मिळायच्या. पुष्कळ घरांत त्या कचरा समजून फेकल्या गेल्या. शिल्लक असतील तर फेकू नका. फोटो हा निगेटिव्हवरून काढलेली प्रत असते, मूळ निगेटिव्हच. फोटो पिवळा पडला असेल, पण निगेटिव्ह बरी असेल, तर तिच्यावरून चांगलं चित्र मिळू शकतं.

तिकीट चिकटवल्यासारखा चिकट कागद आणि वरून प्लॅस्टिक असे अल्बम १९८०-९० च्या काळात फार चालले. त्यातला फोटो ओढून काढू नका, मागचा थर सुटतो. कोपऱ्यातून शिवणाचा मजबूत दोरा फोटोच्या खाली घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढं-मागं करत न्या. तरीही निघत नसेल तर पान तसंच ठेवून वरूनच फोटो घ्या.

मोबाईलवर घ्यायचे असतील तर

आताच्या साध्या मोबाईलचा कॅमेराही पोस्टकार्ड आकाराचा फोटो उतरवायला पुरेसा असतो. खराब येतात ते पद्धत चुकल्यामुळं. बल्बच्या उजेडात, फ्लॅश मारून, हातात धरून, तिरका फोटो घेतला की चेहऱ्यावर पांढरा डाग येणारच.

बरोबर पद्धत अशी :

– सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान खिडकीजवळ किंवा सोप्यात बसा. थेट ऊन नको, उजेड बाजूनं यावा. घरातले दिवे आणि मोबाईलचा फ्लॅश बंद.

– फोटो प्लॅस्टिकमधून बाहेर काढा. खाली साधा पांढरा किंवा काळा कागद. फोटोवरची धूळ मऊ, कोरड्या ब्रशनं झाडा. ओलं फडकं लावू नका, तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते.

– मोबाईलची काच सुती कापडानं पुसा. दिवसभर खिशात राहून तिला तेल-घाम लागलेला असतो. निम्मे फोटो यामुळंच धूसर येतात.

– मोबाईल फोटोला अगदी समांतर धरा. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे डबे ठेवून त्यावर मोबाईल टेकवला तर हात हलत नाही. झूम करू नका. चारही कोपरे दिसले पाहिजेत, थोडी कड सुटलेली चालेल, पण कापली जायला नको.

– काचेच्या फ्रेमचा फोटो असेल आणि काच सहज निघत असेल तर काढा. निघत नसेल तर राहू द्या. मोबाईल धरणाऱ्याच्या मागं दुसऱ्या कुणालातरी काळी चादर धरून उभं करा, काचेत तुमची सावली आणि खिडकी दिसणार नाही.

गूगलचं फोटोस्कॅन नावाचं फुकट अ‍ॅप आहे. ते एकाच फोटोचे वेगवेगळ्या बाजूंनी चार ठिपक्यांवर चार फोटो घ्यायला लावतं आणि सगळे जोडून चकाकी काढून टाकतं. चकचकीत फोटोंसाठी ते उपयोगी पडतं. मात्र सातबारा, दाखले स्कॅन करायची जी अ‍ॅप असतात ती फोटोसाठी वापरू नका. अक्षर ठळक दिसावं म्हणून ती पांढरं जास्त पांढरं आणि काळं जास्त काळं करतात. चेहरा असल्या रंगात नुसता पिठासारखा दिसतो. कॅमस्कॅनर या अ‍ॅपवर जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं बंदी घातली आहे. त्या नावानं कुणी लिंक पाठवली तर त्यावरून काही उतरवून घेऊ नका.

स्कॅनर मिळत असेल तर

घरात पोरांच्या अभ्यासासाठी घेतलेला प्रिंटर असेल तर त्याला वर झाकण उघडणारा सपाट स्कॅनर बहुतेक असतोच. मोबाईलपेक्षा यावर काम चांगलं होतं, कारण उजेड सारखा पडतो आणि फोटो हलत नाही.

इथं एक शब्द समजून घ्यावा लागतो, तो म्हणजे डीपीआय. एका इंचात किती ठिपके टिपायचे याचा तो आकडा. जास्त ठिपके म्हणजे जास्त बारकावा. पण गरजेपेक्षा जास्त ठेवला तर फाईल फुगते आणि हाती नवीन काही लागत नाही. हिशोब सोपा आहे :

– चार बाय सहा इंचाचा नेहमीचा फोटो : तेवढ्याच आकारात पुन्हा छापायचा असेल तर ३०० पुरे. मोठा करायचा असेल तर ६००. ६०० वर २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात, म्हणजे आठ मेगापिक्सेलच्या वर.

– पासपोर्ट आकाराचा छोटा फोटो : १२००. आजोबांचा तेवढाच फोटो असेल आणि तो तसबिरीसाठी मोठा करायचा असेल तर ३०० वर स्कॅन केलेला काही कामाचा नाही.

– निगेटिव्ह : निदान २४००. पण त्यासाठी झाकणातून उजेड पडणारा वेगळा स्कॅनर लागतो. साध्या प्रिंटरवर निगेटिव्ह टाकली तर नुसता काळा पट्टा येतो.

काळा-पांढरा फोटोसुद्धा ‘कलर’ वरच स्कॅन करा. जुन्या फोटोची तपकिरी झाक, डाग, हातानं भरलेला रंग हे सगळं त्यात उतरतं आणि पुढं दुरुस्ती करणाऱ्याला ते उपयोगी पडतं. मशीन आपोआप रंग सुधारतं, तो पर्याय बंद ठेवा. फाईल जेपीजीमध्ये, सगळ्यात चांगल्या प्रतीवर ठेवा. अगदी मोलाचे पाच-दहा फोटो टिफमध्ये ठेवले तर उत्तम, त्यात काटछाट होत नाही.

गावातल्या झेरॉक्स दुकानात किंवा सेवा केंद्रात स्कॅन करून घ्यायचं असेल तर दोन गोष्टी आधीच सांगा. एक, कागद वरून आत ओढून घेणाऱ्या मशीनमध्ये फोटो घालायचा नाही, काचेवर ठेवूनच करायचा. रोलरमध्ये जुना फोटो मुडपला किंवा फाटला तर तो गेला. दोन, मशीन कागदपत्रांच्या सेटिंगवर असतं, ते बदलून कलर आणि ६०० करायला सांगा. दुकानदाराला घाई असते, दुपारच्या निवांत वेळी जावं.

हे फोटो मात्र जाणकाराकडंच

काचेला चिकटलेला फोटो : ओल लागून फोटो काचेला चिकटतो आणि वाळल्यावर चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. हा ओढायचा नाही. चांगला फोटोग्राफर दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावून, कॅमेरा स्टँडवर समांतर ठेवून काचेसकट त्याचा फोटो घेतो. काही ठिकाणी स्कॅनर न वापरता सगळं काम असंच कॅमेऱ्यानं करतात. त्यात चुकीचं काही नाही, दिवे आणि स्टँड नीट असले म्हणजे झालं.

हातानं रंगवलेला फोटो : रंगीत रोल येण्याआधी काळ्या-पांढऱ्या फोटोवर स्टुडिओतला चित्रकार ब्रशनं रंग भरायचा. साडीला, फेट्याला, गालांना. हा रंग पाण्यानं निघू शकतो. घरी पुसायला जाऊ नका.

काचेची निगेटिव्ह : फार जुन्या घरांत, जुन्या स्टुडिओंत काचेच्या पट्टीवरची निगेटिव्ह सापडते. हाताळताना फुटते. कडेला धरून, कागदात गुंडाळून, उभी ठेवून न्यायची.

बुरशी आलेला, तडे गेलेला, गुंडाळी झालेला फोटो : सरळ करायला गेलं की वरचा थर तडकतो.

आणि शेवटचा प्रकार म्हणजे ज्या माणसाचा दुसरा कोणताच फोटो नाही असा फोटो. तो चांगल्या स्थितीत असला तरी एकदा चांगल्या ठिकाणी स्कॅन करून घ्या. देण्याआधी घरी मोबाईलवर एक प्रत काढून ठेवा. वाटेत पिशवी हरवली, तर निदान तेवढं तरी हातात राहील.

स्टुडिओत गेल्यावर काय विचारायचं

कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज, कागल, सगळीकडं फोटो स्टुडिओ आहेत. लग्नाचं काम करणारा प्रत्येक जण जुन्या फोटोचं काम चांगलं करेलच असं नाही. नमुना म्हणून आधी एकच फोटो द्या, काम बघा आणि मग बाकीचे. हे प्रश्न विचारायला लाजू नका :

– काम इथंच होणार की बाहेर कुठं पाठवणार? बाहेर पाठवणार असतील तर मोलाचा फोटो देऊ नका.

– किती डीपीआयवर करणार? फाईल कशात देणार? नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाले तर नको. पेनड्राइव्हवर मूळ फाईल घ्या.

– दर फोटोला की तासाला? स्कॅनचा वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा सांगा.

– किती दिवसांत मूळ फोटो परत मिळणार?

फोटो मोजून द्या आणि चिठ्ठीवर आकडा लिहून सही घ्या. तुमच्याकडं मोबाईलमध्ये दिलेल्या सगळ्या फोटोंचा एक फोटो असू द्या. परत घेताना मोजून घ्या. गावात फिरून ‘जुना फोटो द्या, मोठा करून फ्रेम करून आणून देतो’ म्हणणारे येतात. दुकान कुठं आहे ते माहीत नसलेल्या माणसाच्या हातात घरातला एकुलता एक फोटो देऊ नये, मग तो कितीही गोड बोलू दे.

आणखी एक गोष्ट अलीकडं सांगावी लागते. मोबाईलमधली एआय अ‍ॅप आणि काही स्टुडिओही जुना फोटो झटक्यात चकाचक करून देतात. डाग जातात, रंग भरतो, डोळे चमकतात. पण जिथं मूळ फोटोत काहीच उरलेलं नसतं तिथं ते यंत्र अंदाजानं चेहरा भरतं. आजीच्या नाकाचा आकार, कपाळावरचं गोंदण, आजोबांच्या मिशीचं वळण बदलतं आणि तसबिरीत दुसराच कुणीतरी माणूस बसतो. हौस म्हणून करायला हरकत नाही. पण आधी हात न लावलेला, जसाच्या तसा स्कॅन मागून घ्या आणि दुरुस्त केलेली फाईल वेगळी ठेवा.

पैशाचा आणि वेळेचा हिशोब

समजा घरात ३०० फोटो आहेत. अल्बममधून काढणं, झाडणं, स्कॅन करणं, नाव टाकणं याला एका फोटोमागं तीन मिनिटं धरली तर ९०० मिनिटं होतात, म्हणजे १५ तास. रोज संध्याकाळी एक तास बसलं तर पंधरा दिवसांचं काम. ऊस तोडून झाला आणि पेरणीला अवकाश आहे अशा दिवसांत, पोरांना सुट्टी असताना हे सहज होतं.

दर ठिकठिकाणी वेगळे असतात, पण गणित कळावं म्हणून समजा एका फोटोला १५ रुपये सांगितले. ३०० फोटोंचे ४,५०० होतात. त्यातले २८० घरी केले आणि निवडक २० च दिले तर ३०० रुपये. वाचलेल्या पैशातून एखाद्या फाटलेल्या फोटोची चांगली दुरुस्ती होते. घरात करणारं कुणीच नसेल, म्हातारा-म्हातारी दोघंच असतील आणि पोरं पुण्या-मुंबईला असतील, तर सगळं बाहेर देणंही चुकीचं नाही. पडून राहण्यापेक्षा ते बरं.

फोटो भिजलेच तर

पुरानं गाठलंच तर फोटो टाकून देऊ नका आणि गठ्ठा तसाच उन्हातही ठेवू नका. भिजलेले फोटो एकत्र वाळले की त्यांची वीट होते. २०११ मध्ये जपानमध्ये त्सुनामी आल्यावर फुजीफिल्म कंपनीनं आणि स्वयंसेवकांनी चिखलातून सापडलेले फोटो धुऊन, वाळवून लोकांना परत दिले. ती पद्धत घरी जमण्यासारखी आहे :

– आधी आहे त्या स्थितीत मोबाईलवर फोटो घ्या. धुताना काही गेलं तरी एवढं हातात राहतं.

– परातीत किंवा टबात स्वच्छ थंड पाणी घ्या. गठ्ठा पाण्यात बुडवून पाण्याखालीच एकेक फोटो हळूच सोडवा. चित्राच्या बाजूला बोट घासू नका. पाणी गढूळ झालं की बदला.

– चित्राची बाजू वर करून पांढऱ्या कागदावर किंवा सुती कापडावर सावलीत वाळवा. वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई उतरते. किंवा दोरीवर चिमट्यानं कोपरा धरून टांगा.

– ओल्या फोटोला दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. तेवढ्यात वेळ मिळणार नसेल तर फोटोंमध्ये प्लॅस्टिकचे तुकडे घालून, पिशवीत बंद करून, लाईट चालू असलेल्या गावातल्या पाहुण्यांच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवा. नंतर सवडीनं काढून धुता येतात.

– घरच्या शाईच्या प्रिंटरवर काढलेले आणि हातानं रंगवलेले फोटो धुऊ नका, रंग वाहून जातो. नुसते सावलीत वाळवा.

– काचेला चिकटलेला भिजका फोटो वाळू देऊ नका. काचेसकट स्वच्छ पाण्यात ठेवा, बहुतेक वेळा तो आपणहून सुटतो. नाहीच सुटला तर ओढू नका, काचेसकट जाणकाराकडं न्या. पण हा फोटो हातानं रंगवलेला असेल तर पाण्यात घालू नका, आहे तसा लगेच जाणकाराकडं पोचवा.

पुराच्या पाण्यात सगळी घाण असते. हातमोजे घाला, बुरशी असेल तर तोंडाला रुमाल बांधा.

नावं कोण सांगणार?

स्टुडिओवाला कितीही हुशार असला तरी एक काम त्याला करता येत नाही. फोटोतला माणूस कोण, हे तो सांगू शकत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच माहीत असतं.

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीला पिढ्यान् पिढ्या माणसं फौजेत गेली. असल्या गावात वर्दीतले फोटो बघायला मिळतात. हे कोण, कुठल्या पलटणीत होते, फोटो कुठल्या साली काढला, हे सांगणारं माणूस गेलं की तो फोटो ‘कुणीतरी एक जवान’ एवढाच उरतो. तालमीतले पैलवान, १९७२ च्या दुष्काळातल्या कामावरची माणसं, जोतिबाच्या यात्रेला गेलेली भावकी, सगळ्यांचं तेच.

म्हणून घरी करायच्या ढिगाला आणखी एक मोठं कारण आहे. फोटो स्कॅन करताना आजीला, आत्तीला, थोरल्या चुलत्यांना शेजारी बसवा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेक फोटो त्यांच्या हातात द्या. त्या बोलतील ते सगळं येऊ द्या. मग फाईलला नाव द्या : आधी साल, मग प्रसंग, मग डावीकडून उजवीकडं माणसांची नावं. साल माहीत नसेल तर ‘अंदाजे’ लिहा. फोटोच्या मागं लिहायचं तर शिसपेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनचा वळ पुढं चेहऱ्यावर उमटतो.

घरात माणूस गेल्यावर रात्री अकराला फोटो शोधायला लागतात. सकाळी बोर्ड लावायचा असतो, पेपरात द्यायचं असतं. मग आधार कार्डावरचा नाहीतर कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातला चेहरा कापून काढला जातो. ज्यानं हे केलंय त्याला या कामाची किंमत सांगावी लागत नाही.

स्कॅन झाल्यावर ठेवायचे कुठं?

नुसते मोबाईलमध्ये ठेवले तर मोबाईल पडला, चोरीला गेला की संपलं. तीन ठिकाणी ठेवा. एक प्रत मोबाईल किंवा संगणकात. दुसरी पेनड्राइव्हवर. तिसरी गूगल ड्राइव्हवर. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं. एक फोटो पाच एमबीचा धरला तरी ३०० फोटो दीड जीबीत बसतात.

पेनड्राइव्ह त्याच ट्रंकेत ठेवू नका. पूर आला की फोटो आणि पेनड्राइव्ह बरोबरच बुडतील. उंचावरच्या गावात दिलेल्या बहिणीकडं किंवा शहरातल्या भावाकडं ठेवा. वर्षातून एकदा, दिवाळीला सगळे जमल्यावर उघडून बघा. पेनड्राइव्ह कधी बंद पडतो ते सांगून पडत नाही.

पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवला तर तो आकसतो, बारकावा जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाईल जशीच्या तशी जाते. भावकीच्या ग्रुपवर टाकले की आणखी एक फायदा होतो. ‘अरे, याचा दुसरा फोटो आमच्याकडं आहे’ म्हणून कुणीतरी पाठवतंच.

स्कॅन झालं म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नका. कागदी पाकिटात घालून, घरातल्या सगळ्यात उंच आणि कोरड्या जागी ठेवा. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘फोटो’ लिहा आणि पाणी वाढायला लागल्यावर सातबाराबरोबर तेही उचलायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मृग निघायला अवकाश असेल तर आजच सुरुवात होईल. सगळे ३०० नकोत. भिंतीवरच्या तसबिरी आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातातले दहा फोटो, एवढे जरी या आठवड्यात झाले तरी पुढचं आपोआप होतं.